वाचकांचे प्रश्न : मुलांची न्यूरोसायकॉलॉजिकल तपासणी

मुलांचा वाढता मेंदू आणि त्यांचे शिकणे-वागणे यांचा संबंध तपासणाऱ्या बाल न्यूरोसायकॉलॉजिस्टच्या कामाविषयी वाचकांनी पाठवलेल्या पत्रांपैकी काहींना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

प्रश्न : माझा मुलगा नऊ वर्षांचा असून मराठी माध्यमाच्या शाळेत चौथीत आहे. गोष्ट ऐकवली तर जशीच्या तशी परत सांगतो, तोंडी हिशेब चटकन करतो. पण वाचायला बसवले की त्याला घाम फुटतो. एक परिच्छेद वाचायला दहा मिनिटे लागतात आणि लिहिताना मात्रा गळतात. घरातले त्याला आळशी म्हणतात. आता शाळेने न्यूरोसायकॉलॉजिस्टकडे न्यायला सांगितले आहे. ‘न्यूरो’ म्हटल्यावर सासूबाई फार घाबरल्या आहेत. तेथे नेमके काय करतात? (एक आई, सातारा जिल्हा)

उत्तर : सासूबाईंना प्रथम एवढे सांगा की या तपासणीत सुई, औषध किंवा यंत्र यांचा काहीही संबंध येत नाही. टेबलाच्या एका बाजूला तुमचा मुलगा आणि दुसऱ्या बाजूला तपासणारी व्यक्ती बसते. मध्ये ठोकळे, चित्रांची पुस्तिका, कागद, पेन्सिल आणि वेळ मोजायचे घड्याळ असते. काम तीन-चार तासांचे असले तरी नऊ वर्षांच्या मुलाला ते एका दमात करायला लावू नये. सकाळच्या वेळी, नीट झोप आणि नाश्ता झालेला असताना, दोन किंवा तीन बैठका घेणे योग्य असते, आणि तुम्ही तसा आग्रह जरूर धरावा.

मुलाला तपासण्याआधी तुमच्याशी सविस्तर बोलणे होते. बाळंतपण दिवस भरून झाले का, जन्मतः वजन किती होते, बाळ लगेच रडले का, कावीळ किती वाढली होती, पहिला शब्द केव्हा आला, आणि घरात आणखी कोणाला वाचायला जड जात होते का, हे सारे विचारले जाते. हा शेवटचा प्रश्न अनेकांना गैरलागू वाटतो. परंतु वाचनाची ही अडचण कुटुंबात चालत येते, आणि हुशार असूनही मामाने सातवीतून शाळा का सोडली याचा उलगडा कित्येकदा भाच्याच्या तपासणीच्या वेळी प्रथमच होतो. येताना प्रगतिपुस्तकांबरोबर वर्गातल्या रोजच्या वह्या आणा. दाखवण्यासाठी सुवाच्य उतरवून घेतलेल्या वहीचा उपयोग होत नाही. कानांची आणि डोळ्यांची तपासणी आधीच करून घ्या, कारण ऐकण्यात किंवा दिसण्यात उणीव असेल तर पुढच्या सर्व चाचण्यांचे अर्थ बदलतात.

त्यानंतर जे चालते ते मला या कामातले सर्वांत मोलाचे वाटते. मुलाला एक उतारा मोठ्याने वाचायला दिला आणि त्याला फार वेळ लागला, एवढ्यावरून काहीच ठरत नाही. म्हणून तेवढ्याच काठिण्याचा दुसरा उतारा त्याला वाचून दाखवला जातो आणि त्यावर प्रश्न विचारले जातात. त्यांची उत्तरे तो धडाधड देत असेल, तर त्याचे आकलन शाबूत आहे आणि अडचण अक्षर पाहून त्याचा आवाज मनात उमटवण्याच्या टप्प्यावर आहे, असे मानायला जागा होते. मग त्या टप्प्याची बारकाईने तपासणी होते. ‘कपाट’मधला ‘पा’ काढला तर काय उरेल, ‘माळ’मधल्या ‘म’च्या जागी ‘ज’ घातला तर कोणता शब्द होईल, असे प्रश्न तोंडी विचारले जातात. ‘पोगळा’, ‘टमिक’ असे निरर्थक शब्द वाचायला दिले जातात, कारण ओळखीचे शब्द पाहून पाहून पाठ झालेला मुलगा तेथे अडतो. चेंडू, हात, पान, मासा अशी साधी चित्रे ओळीने मांडून त्यांची नावे भराभर घ्यायला सांगितले जाते. नाव माहीत असूनही ते ओठांवर यायला दर वेळी क्षणभर उशीर होणारी मुले वाचनातही सावकाश असतात.

आपल्या लिपीचा येथे वेगळा विचार करावा लागतो. देवनागरीत अक्षर आणि उच्चार यांचे नाते इंग्रजीपेक्षा पुष्कळ सरळ आहे, म्हणून मराठी माध्यमातील अशी मुले बहुधा चुकीचे वाचण्यापेक्षा अतिशय हळू वाचतात, आणि ‘हळू आहे, पण येते त्याला’ असे म्हणून त्यांच्याकडे वर्षानुवर्षे दुर्लक्ष होते. तरीही देवनागरीच्या स्वतःच्या अवघड जागा आहेत. ‘किती’ लिहिताना पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढायची आणि उच्चारायची मात्र नंतर, ‘सूर्य’मधला ‘र’ आधी उच्चारायचा आणि लिहायचा मात्र ‘य’च्या डोक्यावर, शिवाय हाच ‘र’ ‘प्रकाश’, ‘ट्रक’ आणि ‘दऱ्या’ या शब्दांत तीन निराळ्या रूपांत भेटतो. ह्रस्व-दीर्घाच्या चुका मोठ्या माणसांच्याही होतात, तेव्हा त्यांवरून निदान करत नाहीत. चौथीतला मुलगा ‘रस्ता’ हा शब्द ‘रसता’ असा फोडून वाचतो का, काना-मात्रा गाळतो का, आणि त्याच चुका ओळीमागून ओळीत पुन्हा दिसतात का, याकडे लक्ष दिले जाते. मराठीत ही तपासणी करण्यासाठी मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेला ‘डाली’ हा चाचणीसंच उपलब्ध आहे. तो मराठी, हिंदी, कन्नड आणि इंग्रजी या भाषांत आहे. तपासणाऱ्या व्यक्तीने मुलाच्या शिक्षणाच्या भाषेतच वाचन तपासले आहे ना, हे तुम्ही निःसंकोच विचारावे.

तुमच्या मुलासारख्या मुलाची वैद्यकीय नोंद फार जुनी आहे. डॉ. प्रिंगल मॉर्गन यांनी १८९६ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाचे वर्णन केले होते. तो बुद्धीने तल्लख होता, पण लिहिलेले शब्द त्याला वाचता येत नसत. सगळे शिक्षण तोंडी असते तर हाच शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असे त्याच्या शिक्षकांनी सांगितले होते. त्याला सव्वाशे वर्षे उलटून गेल्यावरही आपल्या घरांत अशा मुलांना आळशी म्हटले जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते. जो मुलगा एका परिच्छेदासाठी दहा मिनिटे घाम गाळतो, तो वर्गातल्या इतर कोणाहीपेक्षा जास्त कष्ट करत असतो, हे घरातल्या सर्वांना एकत्र बसवून सांगा.

अध्ययन अक्षमता (वाचणे, लिहिणे किंवा गणित शिकण्यातली विशिष्ट अडचण) असल्याचे निदान झाले, तर २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात तिचा समावेश आहे. आठ वर्षांखालील मुलांना याचे प्रमाणपत्र दिले जात नाही. तुमचा मुलगा त्या वयाच्या पुढे आहे. प्रमाणपत्राची फेरतपासणी १४ व्या आणि १८ व्या वर्षी होते. खासगी अहवाल उपचाराची दिशा ठरवण्यासाठी पुरतो, मात्र दहावीच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक यांसारख्या सवलती मिळण्यासाठी शासनमान्य रुग्णालयाचे प्रमाणपत्र लागते. मुंबईत शीव, नायर आणि केईएम या महापालिकेच्या रुग्णालयांत ही सोय आहे. तुम्ही प्रथम जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात चौकशी करा. दहावीची वाट न पाहता विशेष शिक्षकांकडून आताच अध्यापन सुरू करा, कारण सवलतींमुळे पेपर सुटतो, वाचन सुधारत नाही.

प्रश्न : आमची मुलगी आठ वर्षांची आहे. जन्मावेळी वजन १.६ किलो होते. तिसऱ्या दिवशी रक्तातील साखर फार कमी होऊन झटके आले आणि पुढे काही आठवडे ती काचेच्या पेटीत होती. तिचे बोलणे उत्तम आहे, पाढे आणि कविता तोंडपाठ आहेत. परंतु फळ्यावरचे उतरवता येत नाही, बेरजेचे अंक एकाखाली एक मांडता येत नाहीत आणि गर्दीत हात सुटला की ती गांगरते. चाचणीत बुद्ध्यंक ८४ आला. शाब्दिक भागात ९७ आणि कृतीच्या भागात ७१ असे अहवालात आहे. ‘मुलगी मंद आहे, फार अपेक्षा ठेवू नका’ असे आम्हाला सांगण्यात आले. (वडील, अमरावती जिल्हा)

उत्तर : हे वाक्य तुम्हाला ऐकावे लागायला नको होते, आणि तुमच्याच हातातल्या अहवालाचा त्याला आधार नाही. ८४ हा आकडा ९७ आणि ७१ यांची सरासरी आहे. बुद्ध्यंकाच्या मोजपट्टीवर १०० हा मध्य असतो आणि शंभरांतील सुमारे ६८ मुले ८५ ते ११५ च्या दरम्यान येतात. शब्दांच्या आधाराने विचार करताना तुमची मुलगी अगदी मध्याजवळ आहे. जागा, आकार आणि मांडणी यांच्या आधाराने विचार करताना ती फार मागे आहे. दोन इतक्या दूरच्या आकड्यांची सरासरी काढली की त्यातून जी मध्यम मुलगी तयार होते, ती तुमच्या घरात राहत नाही. शिवाय बौद्धिक अक्षमतेचे निदान केवळ बुद्ध्यंकावरून कधीच होत नाही. जेवण, कपडे, पैशांचा व्यवहार, माणसांशी वागणे अशा रोजच्या गोष्टी मूल कितपत स्वतः करते, हेही तपासावे लागते.

चाचणीविषयीही थोडे सांगतो. आपल्याकडे अजूनही सर्रास वापरली जाणारी भारतीय मुलांसाठीची बुद्धिमापन चाचणी आर्थर मालिन यांनी नागपूर येथे तयार केली आणि ती १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिने पिढ्यान् पिढ्या उपयोगी काम केले आहे. पण तिची मानके त्या काळच्या मुलांवरून ठरलेली आहेत, तेव्हा आजच्या मुलीचा बुद्ध्यंक त्या मानकांवर एका अंकाइतका नेमका सांगणे धाडसाचे आहे.

तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची माहिती आकड्यांत नसून जन्माच्या इतिहासात आहे. नवजात बाळाच्या रक्तातील साखर फार खाली जाऊन झटके आले, तर मेंदूच्या मागच्या भागाला, म्हणजे डोळ्यांनी पाहिलेल्याचा अर्थ आणि त्याची जागा ठरवणाऱ्या भागाला, इजा होण्याचा धोका विशेष असतो. अशा मुलांना चष्म्याच्या तपासणीत सगळी अक्षरे दिसतात. मात्र गर्दीतून एक गोष्ट वेगळी काढणे, ओळ न सोडणे, डावे-उजवे आणि वर-खाली सांभाळणे त्यांना जमत नाही. फळ्यावरचे उतरवणे, अंक एकाखाली एक मांडणे आणि गर्दीत वाट धरणे या तुम्ही लिहिलेल्या तिन्ही अडचणी याच एका गोष्टीच्या असू शकतात.

हे पडताळण्यासाठी स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ आंद्रे रे यांनी १९४१ मध्ये मांडलेली एक गुंतागुंतीची आकृती जगभर वापरली जाते. मोठा आयत, त्यातले कर्ण, कडेला त्रिकोण, आत लहान रेघा आणि वर्तुळ अशी ती आकृती मुलाने समोर पाहून काढायची असते. मूल काढत असताना तपासणारी व्यक्ती मध्येच त्याच्या हातातली रंगीत पेन्सिल बदलते, म्हणजे कोणता भाग आधी आला आणि कोणता नंतर, हे कागदावर राहते. तुमच्या मुलीसारखे मूल कित्येकदा आयताचा सांगाडा न पाहता एका कोपऱ्यातल्या बारीक रेघांपासून सुरुवात करते आणि मग ते तुकडे कागदभर विखुरतात. त्यानंतर मी तीच आकृती पुन्हा देऊन शब्दांत सांगतो : ‘आधी मोठा चौकोन काढ, आता या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यापर्यंत रेघ ओढ.’ या सांगण्याने चित्र सुधारले, तर तिला शिकवण्याची वाट सापडली असे समजावे, कारण तिचे शब्द बळकट आहेत आणि नजरेला जे जमत नाही ते ती शब्दांच्या आधाराने करू शकते.

तुम्ही बालमेंदूविकारतज्ज्ञांना जन्माची सर्व कागदपत्रे दाखवा. या इतिहासात एमआरआय करणे सयुक्तिक आहे. नेत्रतज्ज्ञांना दृष्टीबरोबर दृष्टीचे क्षेत्रही तपासण्याची विनंती करा. शाळेत फळ्यावरचा मजकूर तिला छापील किंवा लिहून द्यावा, गणितासाठी चौकटींची वही द्यावी आणि एका पानावर दोन-तीनच उदाहरणे असावीत. रस्ता शिकवताना बोट दाखवू नका, बोलून पाठ करून घ्या : मारुतीच्या देवळापाशी उजवीकडे, मग पिठाच्या गिरणीपर्यंत सरळ. कवितांप्रमाणे हेही ती लक्षात ठेवील. आणि अपेक्षा जरूर ठेवा.

प्रश्न : सहा वर्षांचा मुलगा एका जागी बसत नाही. एमआरआय किंवा ‘ब्रेन मॅपिंग’ केल्यास एडीएचडी (लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता यांचा विकार) आहे की नाही ते पक्के कळेल का? (एक पालक, ठाणे)

उत्तर : कळणार नाही. एडीएचडीचे निदान आज कोणत्याही स्कॅनवरून होत नाही, आणि तसे आश्वासन देऊन कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका. लक्षणे किमान सहा महिने टिकलेली असावीत, घर आणि शाळा अशा एकाहून अधिक ठिकाणी दिसावीत आणि वयाच्या मानाने स्पष्टपणे जास्त असावीत, हे पालकांकडून आणि शिक्षकांकडून स्वतंत्रपणे माहिती घेऊन ठरवले जाते. त्याआधी झोप पाहा. टॉन्सिल किंवा ॲडिनॉइड (नाकामागच्या गाठी) वाढल्यामुळे रात्रभर घोरणारे मूल दिवसा चिडचिडे आणि चंचल दिसते, आणि तेथे उपचार अगदी वेगळा असतो.

प्रश्न : आमचा मुलगा पाच वर्षांचा असताना मोटारसायकलवरून पडला होता. डोक्याच्या पुढच्या भागाला मार लागला, चार दिवस बेशुद्ध होता. नंतर पूर्ण बरा झाला. लहान वय असल्यामुळे मेंदू भरून निघेल, असे तेव्हा सर्वांनी सांगितले आणि पहिली ते पाचवी तो चांगल्या गुणांनी पास झाला. आता सातवीत सगळे बिघडले आहे. वह्या हरवतात, तीन कामे सांगितली तर एकच पूर्ण होते, क्षुल्लक कारणावरून तो वस्तू फेकतो. बुद्ध्यंक १०४ आला. त्यामुळे शाळा म्हणते की हा शिस्तीचा प्रश्न आहे. सात वर्षांपूर्वीच्या मारामुळे असे आता होऊ शकते का? (आई, रत्नागिरी जिल्हा)

उत्तर : होऊ शकते. आमच्या शाखेला पालकांना सांगण्यासारखे जे थोडे ठामपणे माहीत आहे, त्यात ही गोष्ट येते, म्हणून सविस्तर लिहितो.

लहान मेंदू लवकर सावरतो ही समजूत निराधार नाही. अमेरिकेत मार्गारेट केनर्ड यांनी १९३० च्या दशकात माकडांवर केलेल्या प्रयोगांत, मेंदूच्या हालचालींशी संबंधित भागाला लहानपणी झालेली इजा मोठेपणी झालेल्या इजेपेक्षा कमी परिणाम करते, असे दिसले होते. जन्माच्या सुमारास मेंदूच्या डाव्या अर्धगोलाला इजा झालेली कित्येक मुले पुढे चांगले बोलू लागतात, कारण भाषेचे काम उजवा अर्धगोल पत्करतो. पण या निष्कर्षाचा पुढे फार सैल अर्थ लावला गेला. इजा कोठे झाली, किती पसरली आणि त्या वेळी मेंदूचा तो भाग वाढीच्या कोणत्या टप्प्यावर होता, यांवर परिणाम अवलंबून असतो, आणि लहान वय दर वेळी मुलाच्या बाजूने नसते.

कपाळामागचा अग्रखंड हा मेंदूचा सर्वांत उशिरा परिपक्व होणारा भाग आहे. त्याची वाढ विशीच्या मध्यापर्यंत चालू असते. कामाची आखणी करणे, सुचलेली पहिली कृती रोखणे, एक काम अर्धवट असताना दुसरे लक्षात ठेवणे आणि रागाला आवर घालणे या गोष्टी त्यावर अवलंबून आहेत. पाच वर्षांच्या मुलाकडून यांतले काहीच कोणी अपेक्षित धरत नाही. त्याचे दप्तर आई भरते, वेळापत्रक बाई पाहतात, म्हणून इजा दिसत नाही. सातवीत सहा-सात विषय, प्रत्येकाचे वेगळे शिक्षक, प्रकल्प आणि वह्या आल्या की ज्या क्षमतेवर सारे उभे राहायचे तीच अपुरी असल्याचे प्रथमच उघड होते. इजा जुनी असली तरी तिची उणीव या वयात जाणवू लागते, हे मुलांच्या मेंदूच्या इजांमध्ये वारंवार आढळते.

बुद्ध्यंक १०४ आल्याने गोंधळून जाऊ नका. शांत खोलीत एक मोठे माणूस समोर बसून एक-एक प्रश्न विचारते, केव्हा सुरू करायचे आणि केव्हा थांबायचे तेही सांगते, तेव्हा अग्रखंडाचे निम्मे काम परीक्षकच करत असतो. म्हणून आखणीच्या वेगळ्या चाचण्या घ्याव्या लागतात. एका चाचणीत कमी-जास्त उंचीच्या तीन खुंट्यांवर रंगीत मणी असतात आणि ठरावीक हालचालींत समोरच्या चित्राप्रमाणे मांडायचे असतात. अशा चाचणीत बहुतेक मुले हात लावण्याआधी काही क्षण पाहतात. अग्रखंडाला इजा झालेले मूल पाहताक्षणी पहिला मणी उचलते, तो चुकतो, मग नियम मोडून दोन मणी एकदम उचलते, आणि नियम काय आहे असे विचारले तर तो बिनचूक सांगते. नियम माहीत असणे आणि त्याप्रमाणे हात आवरता येणे या मेंदूच्या दोन वेगळ्या क्षमता आहेत. ‘कळत असून करत नाही’ अशी शाळेची तक्रार असेल, तर हा फरक शिक्षकांना समजावून सांगण्यासाठी अहवालाचा उपयोग करा.

अपघाताच्या वेळचे डिस्चार्ज कार्ड आणि सीटी स्कॅन शोधून ठेवा. झटके, सततची डोकेदुखी किंवा वागण्यात अचानक बदल असल्यास प्रथम बालमेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. तोवर त्याची आखणी त्याच्या डोक्याबाहेर आणा : एका वेळी एकच काम सांगा, ते झाल्यावर दुसरे, दप्तर रात्री यादी पाहून एकत्र भरा, गृहपाठाची नोंद शिक्षकांनी पाहून सही करावी अशी विनंती करा. तो थकला की राग वाढतो का, याकडे लक्ष द्या. मेंदूला मार लागलेली मुले लवकर थकतात आणि शाळेतून आल्यावर अर्धा तास शांतपणे पडू दिले तर संध्याकाळ निराळी जाते. शिक्षेने यात सुधारणा होत नाही, उलट आपण वाईटच आहोत अशी त्याची खात्री पटत जाते, आणि बारा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत मला त्याचीच सर्वांत जास्त काळजी वाटते. नववीच्या आधी पुन्हा एकदा तपासणी करून घ्या.

इतर वाचकांसाठी एक विनंती : मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार दुचाकीवर चार वर्षांवरील प्रत्येकाने हेल्मेट घालणे बंधनकारक आहे. शाळेत सोडताना स्वतः हेल्मेट घालून मुलाला उघड्या डोक्याने पुढे उभे करू नका.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. दुसरीतली एक मुलगी वाचता वाचता मध्येच थांबते, काही सेकंद एकटक पाहते, हाक मारली तरी ओ देत नाही आणि मग जणू काही घडलेच नाही अशी भलत्याच ओळीपासून पुढे वाचू लागते. दिवसातून अनेकदा असे होते. पालक म्हणतात, तिचे लक्षच नसते. (शिक्षिका, कोल्हापूर जिल्हा)

उत्तर : तुमचे निरीक्षण अतिशय मोलाचे आहे. विचारात हरवलेले मूल खांद्याला हात लावला की भानावर येते. मध्येच काही सेकंद पूर्ण तुटणे, पापण्या फडफडणे आणि मधल्या वेळातले काहीच न आठवणे हे अपस्माराच्या एका प्रकाराचे लक्षण असू शकते. यात मूल पडत नाही, हातपाय झाडत नाही, म्हणून ही आकडी आहे असे कोणाच्या ध्यानात येत नाही. पालकांच्या संमतीने मोबाईलवर असा एक प्रसंग टिपून ठेवा, दिवसातून किती वेळा होते ते लिहा आणि मुलीला लवकरात लवकर बालरोगतज्ज्ञांकडे पाठवा; ईईजीने, म्हणजे मेंदूतील विद्युत लहरींच्या आलेखाने, निदान होते आणि योग्य औषधाने बहुतेक मुलांचे झटके थांबतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते, त्यांच्याही कानावर घाला. न्यूरोसायकॉलॉजिस्टचे काम येथे नंतर सुरू होते : झटक्यांमुळे किती शिकायचे राहून गेले, आणि औषध चालू असताना तिची शिकण्याची गती कशी आहे, हे पाहण्याचे.

प्रश्न : नातू अमेरिकेत न्यू जर्सीला असतो. अडीच वर्षांचा आहे आणि मराठी-इंग्रजी मिळून दहा-बारा शब्दच बोलतो. तेथे एका ओळखीच्या बाईंनी दोन भाषांमुळे मुलाचा गोंधळ होतो, मराठी बंद करा, असे सुचवले. मुलगा-सून आता त्याच्याशी फक्त इंग्रजीत बोलतात आणि फोनवर माझ्याशी बोलतानाही त्याला इंग्रजीच बोलायला लावतात. हे बरोबर आहे का? (आजी, पुणे)

उत्तर : आजी, मराठी बंद करण्याची काही गरज नाही. दोन भाषा कानावर पडल्याने बोलणे खुंटते, याला आधार नाही. दोन भाषांतील मुलाचे शब्द मोजताना दोन्हींतले एकत्र मोजायचे असतात, आणि तुम्ही तसे मोजलेही आहेत. सून आणि मुलगा यांना जी भाषा सहज येते, जिच्यात ते गाणे म्हणतात, रागे भरतात, लाड करतात, तीच भाषा मुलाला सर्वांत समृद्ध मिळते.

तरीही दोन्ही भाषा मिळून दहा-बाराच शब्द असणे या वयाला फार कमी आहे, आणि ‘मुलगे उशिरा बोलतात’ असे म्हणून थांबू नये. प्रथम श्रवणाची तपासणी व्हावी. हाक मारल्यावर तो वळतो का, हवी ती वस्तू बोटाने दाखवतो का, तुम्ही फोनवर हसलात की तुमच्याकडे पाहतो का, या प्रश्नांची उत्तरे शब्दसंख्येहून महत्त्वाची आहेत. अमेरिकेत तीन वर्षांखालील मुलांसाठी शीघ्र हस्तक्षेपाची सरकारी योजना आहे आणि तिच्यातील मूल्यमापन विनाशुल्क असते, म्हणून तिसरा वाढदिवस येण्याआधी अर्ज करायला सांगा. मूल्यमापन दोन्ही भाषांत व्हावे, असा आग्रह पालकांना धरता येतो. आणि फोनवर तुम्ही त्याच्याशी मराठीतच बोला. चित्रांचे पुस्तक समोर धरून, हळू आणि पुन्हा पुन्हा.

प्रश्न : मी नांदेडला मानसशास्त्र घेऊन बी.ए. करत आहे. बाल न्यूरोसायकॉलॉजिस्ट व्हायचे असेल तर काय करावे? (विद्यार्थिनी)

उत्तर : आपल्याकडे या नावाची स्वतंत्र नोंदणी नाही. पदव्युत्तर शिक्षणानंतर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला क्लिनिकल सायकॉलॉजीचा अभ्यासक्रम पूर्ण करून परिषदेकडे नोंदणी करायची आणि मग मेंदूविकार किंवा बालरोग विभाग असलेल्या रुग्णालयात या कामाचा अनुभव घ्यायचा, असा साधारण मार्ग आहे. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य आणि मेंदूविज्ञानाच्या राष्ट्रीय संस्थेत या विषयाची दीर्घ परंपरा आहे. ५ ते १५ वर्षांच्या मुलांसाठी न्यूरोसायकॉलॉजिकल चाचण्यांचा संचही तेथे तयार झाला आहे. अभ्यासक्रमांची रचना सध्या बदलत असल्याने प्रवेशाआधी परिषदेच्या संकेतस्थळावर त्या महाविद्यालयाची मान्यता स्वतः तपासा.

तुमच्यासारख्या विद्यार्थिनीने या विषयात यावे असे मला फार वाटते, आणि त्याचे कारण भाषा हे आहे. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकातच फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिने यांच्या बुद्धिमापन चाचणीचे मराठी आणि कन्नड मुलांसाठी रूपांतर केले होते. मालिन यांचे नागपूरचे काम वर आलेच आहे. एवढी जुनी सुरुवात असूनही आज मराठी मुलांवर आधारलेली ताजी मानके अपुरी आहेत, आणि मेळघाटातील कोरकू बोलणाऱ्या किंवा गडचिरोलीतील गोंडी बोलणाऱ्या मुलाला प्रमाण मराठीत तपासून गुण दिले जातात.

रशियन न्यूरोसायकॉलॉजिस्ट अलेक्सांद्र लुरिया यांनी १९३० च्या दशकाच्या आरंभी उझबेकिस्तानातील शाळेत न गेलेल्या शेतकऱ्यांना हातोडी, करवत, कुऱ्हाड आणि ओंडका यांतली वेगळी वस्तू कोणती, असे विचारले होते. चारही बरोबरच हव्यात, ओंडका नसेल तर हत्यारांचा उपयोग काय, असे उत्तर त्यांना मिळाले. चाचणीच्या तक्त्यात या उत्तराला शून्य गुण मिळतात. मेळघाटातले मूल असे उत्तर देईल तेव्हा शून्य लिहिण्याआधी ‘असे का?’ हे त्याला त्याच्या भाषेत विचारता येईल, अशी माणसे आपल्याला हवी आहेत. त्यासाठी पदवीच्या या वर्षांतच एखाद्या अंगणवाडीत आणि पहिलीच्या वर्गात नियमित जाऊन बसा, मुले कात्री कशी धरतात, गोष्ट सांगताना कोठे अडतात, भांडण कसे मिटवतात ते लिहून ठेवा, आणि मराठीखेरीज आपल्या भागातली आणखी एक बोली नीट शिकून घ्या.